लिनक्स अपग्रेडनंतर मशीन हँग होतंय? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

उबंटू २२.०४ वरून २४.०४ केलं, किंवा मिंट २१ वरून २२. अपग्रेड शेवटपर्यंत गेलं, मशीन चालू झालं, आणि अर्ध्या तासात स्क्रीन जागच्या जागी थांबली. माउस हलेना, घड्याळाचा मिनिट पुढे सरकेना. दुकानात नेलं की ठरलेलं उत्तर मिळतं: फॉरमॅट मारूया. बहुतेक वेळा त्याची गरज नसते, आणि पुष्कळदा त्याचा उपयोगही होत नाही. अपग्रेडमध्ये तीन मोठ्या गोष्टी बदलतात: कर्नल, म्हणजे हार्डवेअर चालवणारा लिनक्सचा गाभा (२२.०४ मूळ ५.१५ वर आलं होतं, २४.०४ ६.८ वर), ग्राफिक्सचे ड्रायव्हर आणि डेस्कटॉप. नवा कर्नल तुमच्या मशीनशी जमत नसेल, तर फॉरमॅट करून तोच कर्नल परत टाकल्यावर मशीन परत तिथेच अडकणार.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात घरी, दुकानात किंवा कॉलेजच्या अभ्यासासाठी लिनक्स वापरणाऱ्या नवख्यांना डोळ्यापुढे ठेवून पुढच्या पायऱ्या लिहिल्या आहेत. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) त्या रोमन लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. डॅश, तिरकी रेघ, टिंब आणि मोकळी जागा दिसते तशीच ठेवायची. ‘एपीटी’, ‘ईटीसी’ अशी नावं म्हणजे सुटी अक्षरं सलग लिहिलेली.

नक्की काय अडकलंय?

हँग झालं म्हणून लगेच पॉवरचं बटण दाबून धरू नका. आधी कॅप्स लॉक दाबा. कीबोर्डवरचा दिवा लागतो-विझतो आहे? मग कर्नल जिवंत आहे, फक्त डेस्कटॉप किंवा ग्राफिक्स अडकलंय. दिवा ढिम्म असेल तर अडचण खालच्या थरात आहे: कर्नल, रॅम, डिस्क किंवा वीज. दिवा आपला आपण लुकलुकत असेल तर कर्नलने हात टेकलेत.

दिवा चालत असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळ्या पडद्यावर लॉगिन आलं की नाव आणि पासवर्ड द्या. पासवर्ड टाइप करताना काहीच उमटत नाही, तो तसाच असतो. इथून बहुतेक काम करता येतं. डेस्कटॉपवर परत जायला उबंटूत कंट्रोल, ऑल्ट, एफ२ आणि मिंटमध्ये एफ७. नुसता डेस्कटॉप उठवायचा असेल तर उबंटूत

सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट जीडीएम३

आणि मिंटमध्ये शेवटी जीडीएम३ ऐवजी लाइटडीएम. उघड्या फाइलींतलं न साठवलेलं काम जातं, पण मशीन वाचतं.

आपल्या भागात एक वेगळाच ‘हँग’ दिसू शकतो. इंग्रजी, मराठी आणि कन्नड असे तीन कीबोर्ड लावलेले असतात. माउस हलतो, खिडक्या उघडतात, पण टाइप केलेलं काहीच येत नाही. हे मशीन अडकणं नव्हे, आयबस नावाची टायपिंगची व्यवस्था अडकलेली असते. टर्मिनलमध्येही टाइप होत नसेल तर लॉग आउट करून परत आत या. होत असेल तर

आयबस रीस्टार्ट

एवढं पुरतं. वारंवार होत असेल तर सेटिंग्जमधल्या कीबोर्डच्या पानावर जाऊन ‘एम१७एन’ असं लिहिलेले लेआउट काढा आणि त्यांच्या जागी साधे लेआउट लावा. मराठी आणि कन्नड दोन्हींसाठी कगप फोनेटिक लेआउट लिनक्समध्ये आधीच असतो. कन्नड गणक परिषदेच्या पद्धतीवर बेतलेला असल्यामुळे नुडी या कन्नड टायपिंगच्या प्रोग्रॅमवर हात बसलेल्यांना तो लगेच जमतो.

काहीच चालत नसेल तरच जबरदस्तीने बंद करायचं, पण तेही रीतीने. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून धरा आणि दोन-तीन सेकंदांच्या अंतराने एस, यू, बी दाबा. एस डिस्कवर राहिलेलं लिहून टाकतो, यू डिस्क फक्त-वाचन करतो, बी मशीन परत चालू करतो. काही लॅपटॉपवर यासोबत एफएन पण धरावा लागतो. जुन्या लेखांत आर, ई, आय, एस, यू, बी अशी सहा अक्षरं सांगितलेली असतात. यातली कुठली अक्षरं चालू द्यायची ते एका आकड्याने ठरतं. उबंटूत तो मुळात १७६ असतो, आणि त्यात शेवटची तीनच चालतात.

सगळ्यात स्वस्त चाचणी: जुना कर्नल

अपग्रेडनंतर आधीचा कर्नल सहसा मशीनवरच राहतो. रीस्टार्ट करा. कंपनीचा लोगो जाता जाता नव्या यूईएफआय मशीनवर एस्केप एकदा दाबा, जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवा (बायोस आणि यूईएफआय म्हणजे मशीन चालू करणारा मदरबोर्डवरचा जुना आणि नवा प्रोग्रॅम). एस्केप जास्त वेळा दाबला की मेनूऐवजी नुसतं ‘ग्रब’ (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम, हा मेनू त्याचाच) लिहिलेली ओळ येते. घाबरू नका, ‘नॉर्मल’ टाइप करून एंटर दाबा आणि लगेच एकदा एस्केप.

मेनूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा आणि आकड्याने लहान असलेला कर्नल निवडा. ‘रिकव्हरी मोड’ लिहिलेली ओळ नको. मग रोज जे करता तेच करा: ब्राउझर, व्हिडिओ, प्रिंट. नव्या कर्नलवर अर्ध्या तासात अडकणारं मशीन जुन्यावर दिवसभर चाललं, तर दोष कर्नलमध्ये किंवा त्याच्यासाठी बांधलेल्या ड्रायव्हरमध्ये आहे.

मग जुनाच कायम ठेवा. ‘सुडो नॅनो /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’ ने फाइल उघडा, त्यात ‘ग्रब_डीफॉल्ट=सेव्हड’ आणि ‘ग्रब_सेव्हडीफॉल्ट=ट्रू’ अशा दोन ओळी ठेवा (बरोबरच्या चिन्हाची डावी बाजू मोठ्या अक्षरांत, उजवी लहान), कंट्रोल ओ ने साठवा, कंट्रोल एक्स ने बाहेर या आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. यापुढे मेनूत शेवटी निवडलेला कर्नलच आपोआप सुरू होईल.

याचसाठी अपग्रेडच्या शेवटी ‘जुनी पॅकेजं काढू का’ असा प्रश्न येतो तेव्हा नाही म्हणावं. दोन आठवडे नीट गेले की मग साफसफाई करा.

उलट दिशेनेही करून बघता येतं. उबंटू २४.०४ साठी पुढचे कर्नल अधिकृतपणे येतात. २४.०४.२ सोबत ६.११ आला, २४.०४.३ सोबत ६.१४. मशीन नवं असेल तर

सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४

मिंटमध्ये हेच काम अपडेट मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘लिनक्स कर्नल्स’ इथे माउसने होतं.

मागच्या वेळची नोंद वाचा

अंदाज बांधत बसण्यापेक्षा मशीनने लिहून ठेवलेलं वाचलेलं बरं. हँग होऊन परत चालू केल्यावर लगेच:

सुडो जर्नलसीटीएल -बी -१ -ई

‘-बी -१’ म्हणजे आताच्या आधीचं बूट, ‘-ई’ म्हणजे थेट शेवटच्या ओळींवर. बाहेर पडायला क्यू. हँग झालेली वेळ आधी कागदावर टिपून ठेवा आणि तिच्या आधीची दोन-तीन मिनिटं बघा. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला असेल तर तारखाच चुकतात आणि नोंदी जुळत नाहीत, तेव्हा आधी तो बदला.

नोंदीत ‘जीपीयू हँग’, ‘रिंग … टाइमआउट’ किंवा ‘एनव्हीआरएम: एक्सआयडी’ दिसलं तर ग्राफिक्स. ‘आउट ऑफ मेमरी’ दिसलं तर रॅम कमी पडली. ‘फेल्ड कमांड’, ‘आय/ओ एरर’ किंवा एनव्हीएमई डिस्कचा (मदरबोर्डवर थेट बसणारी पट्टीसारखी एसएसडी) ‘कंट्रोलर इज डाउन’ म्हणजे डिस्क किंवा तिची केबल. ‘हार्डवेअर एरर’ म्हणजे प्रोसेसर, रॅम, उष्णता यांपैकी काहीतरी. ‘सॉफ्ट लॉकअप’ फसवा आहे. तो अडकल्याचं सांगतो, कारण सांगत नाही, म्हणून त्याच्या वरच्या ओळी वाचा. लाल रंगातल्या प्रत्येक ओळीमागे धावू नका. धडधाकट मशीनच्या नोंदीतही पाच-दहा लाल ओळी असतातच.

आणि नोंद मध्येच, चांगल्या ओळीवर, अचानक तुटली असेल तर? मशीनला लिहायलाही वेळ मिळाला नाही. मग वीज, रॅम आणि प्रोसेसरची झोप (काम नसताना वीज वाचवायला त्याचं थांबणं) यांच्याकडे बघायचं. ते पुढे येतंय.

करंट गेला आणि अपग्रेड अर्धवट राहिलं

अपग्रेडला एक ते दोन जीबी डेटा आणि तासभर ते दोन तास लागतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाचा डेटा मध्येच संपतो, पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडे लाइटचा भरवसा नसतो. दुकानात मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस डेस्कटॉपला दहा-पंधरा मिनिटं देतो, दोन तास नाही. मधेच बंद पडलं तर निम्मी पॅकेजं नवी आणि निम्मी जुनी राहतात. अशा मशीनचं हँग होणं साहजिक आहे. या क्रमाने:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल
सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी फुल-अपग्रेड

डेस्कटॉप चालत नसेल तर हे कंट्रोल-ऑल्ट-एफ३ च्या काळ्या पडद्यावर किंवा रिकव्हरी मोडमध्ये करा. पहिल्याच आज्ञेला जागा नसल्याची तक्रार आली तर ‘डीएफ -एच’ बघा. ‘/बूट’ (कर्नलच्या फाइलींची जागा) हे डिस्कचं वेगळं पार्टिशन असेल आणि ते १०० टक्के भरलं असेल तर नव्या कर्नलची फाइल अर्धीच लिहिली गेलेली असते. ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह’ ने जुन्यातले जुने कर्नल काढून वरचा क्रम परत चालवा.

बाहेरून टाकलेल्या वायफाय ड्रायव्हरची किंवा व्हर्च्युअलबॉक्सची गोष्ट वेगळी. ते प्रत्येक कर्नलसाठी नव्याने बांधले जातात. ‘डीकेएमएस स्टेटस’ मध्ये नव्या कर्नलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ नसेल तर ते काढून टाका. नव्या कर्नलमध्ये पुष्कळ रिअलटेक वायफायचे ड्रायव्हर आतच असतात.

ग्राफिक्स

उबंटूत लॉगिनच्या पानावर नाव निवडल्यावर खाली उजवीकडे गिअरचं चिन्ह येतं. तिथून ‘उबंटू ऑन झॉर्ग’ निवडा. झॉर्ग ही पडद्यावर चित्र दाखवणारी जुनी व्यवस्था, वेलँड ही नवी. झॉर्गवर मशीन शांत चाललं तर वेलँड आणि तुमचं ग्राफिक्स यांचं जमत नाहीये. झॉर्गवरच राहा, रोजच्या कामात काही बिघडत नाही.

डेस्कटॉपला लावलेली जुनी एक्स्टेन्शन्स (वरून जोडलेल्या जादा सोयी) हे दुसरं कारण. ओळख सोपी आहे: सेटिंग्जमधून एक नवा युझर तयार करा आणि त्यात तासभर काम करा. नव्या युझरमध्ये हँग होत नसेल तर बिघाड मशीनमध्ये नाही, तुमच्या सेटिंग्जमध्ये आहे. एक्स्टेन्शन्स सगळी बंद करून एकेक चालू करत जा.

एनव्हिडिया कार्ड असेल तर ‘उबंटू-ड्रायव्हर्स डिव्हाइसेस’ चालवा. ‘रेकमेंडेड’ लिहिलेला ड्रायव्हर ‘सुडो उबंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’ ने बसतो. मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर आहे. कंपनीच्या साइटवरून फाइल उतरवून बसवू नका, पुढच्या कर्नल अपडेटला ती मोडते. सिक्युअर बूट चालू असेल तर बसवताना एक पासवर्ड विचारतात, आणि रीस्टार्टनंतर निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ निवडून तोच द्यावा लागतो. तो पडदा नुसता एंटर मारून पुढे ढकलला की ड्रायव्हर लोड होत नाही, आणि मग ‘ड्रायव्हर टाकला तरी काही फरक नाही’ अशी तक्रार होते. जीटी ६१० सारख्या फर्मी पिढीच्या कार्डांना ३९० ड्रायव्हर लागायचा. त्याचा आधार एनव्हिडियाने २०२२ अखेर थांबवला. अशा कार्डावर लिनक्सचा आतला नुव्हो ड्रायव्हरच ठेवा. त्यावरही अडकत असेल तर कार्ड काढून मदरबोर्डच्या व्हीजीए किंवा एचडीएमआयला मॉनिटर लावा.

डेस्कटॉपपर्यंत पोचताच येत नसेल तर ग्रब मेनूत पहिल्या ओळीवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ जोडा आणि एफ१०. पडदा भोंगळ दिसेल पण आत जाता येईल. ही काठी उठून उभं राहण्यापुरतीच आहे. कायम ठेवली तर सगळं चित्र प्रोसेसरला काढावं लागतं, पंखा ओरडतो आणि यूट्यूब अडखळतं.

इंटेल ग्राफिक्सचा लॅपटॉप स्क्रीन लुकलुकत मध्येच थांबत असेल तर त्याच ओळीत ‘आय९१५.एनेबल_पीएसआर=०’ घालून बघा.

चार जीबी रॅम

अडकताना हार्ड डिस्कचा दिवा सतत पेटलेला असेल आणि माउस झटके देत सरकत असेल, तर ही रॅमची टंचाई आहे. ‘फ्री -एच’ मध्ये ‘अव्हेलेबल’चा आकडा ३००-४०० एमबीच्या खाली दिसेल. ‘व्हीएमस्टॅट १’ चालवून ‘एसआय’ आणि ‘एसओ’ या रकान्यांत सतत मोठे आकडे येतायत का बघा. येत असतील तर मशीन रॅम आणि डिस्क यांच्यात सामान वाहून थकलंय. स्वॅप (रॅम भरल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) नसेल किंवा अगदी कमी असेल तर चार जीबीची फाइल करा:

सुडो फॅलोकेट -एल ४जी /स्वॅप२
सुडो सीएचमॉड ६०० /स्वॅप२
सुडो एमकेस्वॅप /स्वॅप२
सुडो स्वॅपऑन /स्वॅप२

यात ‘फॅलोकेट’च्या स्पेलिंगमध्ये एफनंतर ए आणि दोन एल येतात, आणि ‘४जी’तला जी मोठा. कायम ठेवायला ‘/ईटीसी/एफस्टॅब’ च्या शेवटी ‘/स्वॅप२ नन स्वॅप एसडब्ल्यू ० ०’ ही ओळ. ही फाइल चुकली तर मशीन चालू व्हायला अडतं, म्हणून आधी तिची कॉपी काढून ठेवा.

स्वॅपने मरण लांबतं, वेग येत नाही. खरा उपाय म्हणजे आणखी चार जीबीची पट्टी. डीडीआर३ आहे की डीडीआर४ ते बघून घ्या, एकाची दुसऱ्यात बसत नाही. निपाणीवाल्यांना त्यासाठी बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडतं. तोवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल एक्सएफसीई४’ करून हलका डेस्कटॉप वापरा. ब्राउझर अडकण्याऐवजी आपला आपण बंद होत असेल तर ते उबंटूचं ‘सिस्टिमडी-ओओएमडी’ आहे. रॅम संपायच्या आधी तेच सगळ्यात खादाड प्रोग्रॅम मारतं.

डिस्क

‘सुडो एपीटी इन्स्टॉल स्मार्टमॉनटूल्स’, मग ‘सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए’. एसडीए हे नाव ‘एलएसबीएलके’ ने खात्री करून घ्या. साध्या सॅटा डिस्कच्या तक्त्यात तीन क्रमांक बघायचे: ५, १९७ आणि १९९. पाच आणि १९७ च्या शेवटच्या रकान्यात शून्य हवं. १९७ वाढत असेल तर पुढची दुरुस्ती सोडा, आधी फोटो आणि कागदपत्रं पेनड्राइव्हवर काढा. १९९ वाढत असेल तर डिस्क बहुधा चांगली आहे, सॅटा केबल खराब आहे. ती बदलायला फार पैसे लागत नाहीत.

एनव्हीएमई डिस्क मधेच गायब होत असेल तर ग्रबच्या ओळीत ‘एनव्हीएमई_कोअर.डीफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=०’. यामुळे डिस्क खोल झोपेत जात नाही.

नोंद तुटलेली असेल तर

सेलेरॉन जे१९००, एन२८४० असे इंटेलचे बे ट्रेल प्रोसेसर झोपेतून उठताना लिनक्सवर अडकतात. हे जुनं, माहितीतलं दुखणं आहे. ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१’ हा त्यावरचा उतारा. वीज थोडी जास्त खाईल, एवढंच. पहिल्या पिढीचा रायझन नुसता बसून असताना अडकत असेल तर बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ शोधून ‘टिपिकल करंट आयडल’ करा.

असे शब्द आधी नेहमी ग्रब मेनूत ‘ई’ दाबून एकदाच घालून बघा. दोन दिवस मशीन टिकलं तर ‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’ मधल्या ‘क्वाएट स्प्लॅश’च्या पुढे, अवतरणचिन्हांच्या आत लिहा आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’. एका वेळी एकच बदल. चार शब्द एकदम घातले तर मशीन सुधारलं तरी कशामुळे ते कळत नाही, आणि चारही जन्मभर वाहत बसावे लागतात.

उसाच्या पट्ट्यात थ्री-फेज सुटली आणि पंपसेट चालू झाले की घरातलं व्होल्टेज खाली येतं. रोज त्याच वेळी मशीन अडकत असेल तर लिनक्सला दोष देऊ नका. मल्टिमीटर लावा, २३० च्या आसपास हवं. बायोसच्या हार्डवेअर मॉनिटरमध्ये १२ व्होल्टची रेषा ११.४ च्या खाली गेली असेल तर एसएमपीएस (मशीनच्या आतला वीजपुरवठ्याचा डबा) थकलाय.

लाल मातीची धूळ आणि पावसाळी दमट हवा दोन्ही आत जातात. प्लग काढून, बटण एकदा दाबून उरलेला करंट जाऊ द्या, रॅम काढा, सोनेरी पाय खोडरबराने हलके पुसा, ब्रशने झटका आणि क्लिक होईपर्यंत परत बसवा. ‘सेन्सर्स’ ही आज्ञा (पॅकेज एलएम-सेन्सर्स) प्रोसेसरचं तापमान दाखवते. काम चालू असताना सतत ९० च्या वर असेल तर पंख्याची जाळी साफ करून थर्मल पेस्ट बदला. मग नव्या आवृत्तीच्या लाइव्ह पेनड्राइव्हवर (डिस्कवर न बसवता लिनक्स त्याच्यावरूनच चालतं) मशीन दोन-तीन तास चालवा. तिथेही अडकलं तर बसवलेल्या लिनक्सचा संबंध नाही. ग्रब मेनूत मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) असेल तर रात्रभर लावून ठेवा. एकही लाल चूक आली तर पट्टी बदला.

हे सगळं करूनही नव्या आवृत्तीशी मशीनचं जमत नसेल, तर उबंटूत मागे जायची सोय नाही. जुनी आवृत्ती कोरी बसवावी लागते. उबंटू २२.०४ आणि मिंट २१ ला २०२७ पर्यंत अपडेट आहेत. बसवताना ‘होम’ (तुमच्या फाइलींचं फोल्डर) वेगळ्या पार्टिशनवर असेल तर ‘समथिंग एल्स’मध्ये जाऊन त्याच्यापुढची ‘फॉरमॅट’ची खूण काढून टाका. वेगळं नसेल तर आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर काढा, आणि दोन-चार फाइली तिथून उघडून बघितल्याशिवाय ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबू नका.